पावसात ऐकू आलेली चक्की

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. रात्रीची शिफ्ट करून आलं की झोप लागत नाही, मग चहा घेत घेत कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या खोलीत पावलं वाजली, असलं वाचायचं आणि मनातल्या मनात कारणं शोधत बसायचं. बहुतेक वेळा सापडायचीसुद्धा. झोप अपुरी, ताप, वाऱ्याने हलणारं दार... त्यामुळे आपणच एक दिवस इथे लिहायला बसू असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आताही लिहावं की नाही याचा बरेच महिने विचार केला. शेवटी ठरवलं, जे झालं तेवढंच लिहायचं. त्याला नाव द्यायचं नाही.

मी दीपनगरला राहते, वीज केंद्रात मेंटेनन्सला आहे. फिरणाऱ्या यंत्रांची कंपनं तपासणं हे माझं काम. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे. बेअरिंग बिघडायला लागलं की मीटरच्या आधी कानाला कळतं, अशी माझी कानाची सवय झाली आहे. माझा नवरा प्रशांत भुसावळला रेल्वेत. आमची मुलगी सई चौथीत. सासर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं आजही तिथेच आहेत.

गाव उतारावर आहे. वर शाळा, ग्रामपंचायत, आणि त्याला लागून एक बंद पिठाची चक्की. तिथून एक गल्ली खाली उतरत नाल्यापर्यंत जाते. त्या गल्लीच्या अगदी तळाशी आमचं घर. सिमेंटच्या दोन खोल्या, मागे पत्र्याचा गोठा, आणि गोठ्यामागे नाला. उन्हाळ्यात त्या नाल्यात पोरं क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं, फार तर मांडीपर्यंत. त्या घरात पाणी आलेलं नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

हे घडलं तेव्हा आम्ही गावाला गेलो होतो ते आईंसाठी. माझ्या सासूबाईंचा विसराळूपणा त्या वर्षी फार वाढला होता. आधी चुलीवरचं दूध विसरायच्या, मग माणसं विसरायला लागल्या. सईला कधी कधी माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारायच्या. जळगावला डॉक्टरांना दाखवावं आणि आमच्याकडेच ठेवून घ्यावं, असं आम्ही ठरवलं होतं. नानांना ते मान्य नव्हतं.

"तिले आठली वाट म्हाईत शे," ते म्हणाले. "तठे तुमना क्वार्टरमा ती चुकी जाई."

त्या दिवशी सकाळपासून यावरच बोलणं चाललं होतं. प्रशांतचा आवाज चढला, मग नानांचा. मी मध्ये पडले नाही. सासरी सुनेने अशा वेळी गप्प बसावं हे एक, आणि मनातून मला नानांचं थोडंसं पटतही होतं हे दुसरं.

परतीच्या पावसाचे दिवस होते. शेतात मका उभा होता. सकाळी ऊन इतकं कडक की अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि दुपारी जेवणं उरकता उरकता डोंगराकडून असं काही भरून आलं की सईने येऊन विचारलं, "मम्मी, रात्र झाली का?" मग वारा सुटला. समोरच्या घराचा एक पत्रा उडून आमच्या भिंतीवर आदळला. वीज तर सकाळपासूनच नव्हती. पाऊस आडवा येत होता, दारातून थेट आतल्या चुलीपर्यंत. प्रशांत आणि नाना गोठ्याचे पत्रे दोरीने बांधायला मागे धावले. मी दार लोटून त्याला पाटा लावला. आई कॉटवर बसून होत्या, सई त्यांच्या कुशीत.

भीती वाटत होती ती वाऱ्याची, घरावर झाड पडेल की काय याची. पाण्याची कुणालाच नव्हती. मागच्या खिडकीतून नाला दिसत होता. वाढला होता, गढूळ झाला होता, पण आपल्या जागी होता.

वारा जरा पडला. पाऊस मात्र तसाच. आणि आई उठल्या.

उठून त्या फळीकडे गेल्या, दळणाचा पत्र्याचा डबा काढला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "सुनबाई, चक्की चालू व्हयनी. मी दयन दई येस."

"आई, चक्की बंद आहे ना... किती वर्षं झाली. पाऊस पडतोय बाहेर."

"आयकू येस ना तुले? मंग भीड व्हई जाई, नंबर लागाव नही."

त्यांनी पाटा बाजूला सारला आणि निघाल्या. गेली दोन-तीन वर्षं कॉटवरून उठताना ज्यांना हात द्यावा लागायचा, त्या बाई त्या पावसात, चिखलाच्या चढाला लागल्यासुद्धा. डबा रिकामा होता. झाकण तर आतच राहिलं होतं.

मी सईला धरून अंगणात आले, प्रशांतला हाक मारायला तोंड उघडलं... आणि मला तो आवाज आला.

आता नीट सांगते. माझं माहेर भुसावळचं, रेल्वे कॉलनीतलं. आमच्याकडे दळण विजेच्या गिरणीत व्हायचं. डिझेल इंजिनवरची चक्की मी आयुष्यात ऐकलेली नाही. माझं लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा ही चक्की बंद होऊन गेलेली होती. तरीही त्या पावसात, गल्लीच्या वरच्या अंगाने, मला स्पष्ट ऐकू येत होतं – कुक, कुक, कुक, कुक... एका सिलिंडरचं इंजिन, हळू फिरणारं, धुराच्या नळीतून फुंकर मारल्यासारखा आवाज. आणि त्यात एक दोष होता. थोड्या थोड्या वेळाने एक ठोका चुकत होता. जरा दम घेतल्यासारखं थांबायचं, मग दोन ठोके घाईघाईने एकमेकांना चिकटून यायचे, आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरळीत. माझ्या डोक्यात त्या क्षणी भुताखेताचा विचार आला नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की हे इंजिन मिस मारतंय, नॉझल बघायला पाहिजे.

"ऐकू येतंय का तुला?" मी सईला विचारलं.

"काय?"

"इंजिन."

तिला फक्त पाऊस ऐकू येत होता.

"अहो, आई निघाल्या वर!" मी ओरडले. एरवी मी प्रशांतला नावानेच हाक मारते, पण नानांसमोर नाही. तो गोठ्यातून तसाच दोरी हातात घेऊन आला, माझ्या पुढे धावला. त्याच्या मागे नाना, आईंवर ओरडत. "कथा जाई ऱ्हायनी व? येडी व्हयनी का?" आम्ही कुणीही पाण्याला भिऊन घर सोडलं नाही, हे मला इथे अगदी स्वच्छ सांगायचं आहे. आम्ही चौघंही एका म्हाताऱ्या बाईला पकडून परत आणायला निघालो होतो.

आमच्या शेजारच्या घरात पंडित आबा राहायचे. नानांचे लहानपणचे सोबती. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर दारातल्या खाटेवर बसून असायचे. त्यांची सून रेखा त्या दिवशी साक्रीच्या बाजाराला गेली होती, आबा घरी एकटे. आम्ही पुढून गेलो तेव्हा ते दारातच होते. नानांनी जाता जाता सहज म्हणून हाक दिली, "पंडित, नाला फुगी ऱ्हायना रे. चाल वर, मी हात देस."

आबा हसले. "तू आधी तुन्ही बायकोले धर. ती तुना हातमा काय येत नही!"

नानाही हसले. इतका राग आलेला असताना त्यांना हसू आलं. आणि ते पुढे आले.

आई आम्हाला गल्लीत सापडल्या नाहीत. थेट वर, चक्कीच्या ओट्यावर पोचल्या होत्या, डबा शेजारी ठेवून भिंतीला टेकून बसल्या होत्या, दळणाला नंबर लावून बसावं तशा. अंगाला कंप नाही, धाप नाही. आवाज कुठे थांबला हे मला सांगता येत नाही. चढताना येत होता. ओट्यावर पाय ठेवला तेव्हा नव्हता, एवढंच नक्की.

दाराला कुलूप होतं, गंजून लाल झालेलं. खिडकीच्या गजातून मी आत पाहिलं. जिथे इंजिन असायचं तिथे सिमेंटचा चौथरा, त्यातून वर आलेले चार बोल्ट, आणि शेळ्यांच्या लेंड्या. बाकी रिकामी खोली.

"चल आई, घरी चल," प्रशांत त्यांचा हात धरून म्हणाला.

"दयन व्हऊ दे ना भाऊ," आई म्हणाल्या. त्यांनी प्रशांतला ओळखलं नव्हतं. अनोळखी माणसाशी बोलावं तशा त्या अदबीने बोलत होत्या.

तो त्यांना उठवायला वाकला आणि खालून आवाज झाला. तो कसा होता ते मी बऱ्याच जणांना सांगायचा प्रयत्न केला आहे, जमत नाही. ट्रकमधून दगड ओततात ना, तसा... पण थांबतच नव्हता. डोंगराकडचा मातीचा बंधारा फुटला होता, हे नंतर कळलं. आम्ही ओट्यावरून फक्त एवढं पाहिलं की गल्लीच्या तळाला आमचं अंगण होतं, आणि मग तिथे तपकिरी पाणी होतं, पाण्यात आख्खी झाडं होती. गोठा गेला. गाय ओरडलेली मी ऐकली, एकदाच. सईने माझ्या पोटात तोंड खुपसलं.

नाना "पंडित! पंडित!" असं ओरडत खाली धावले. प्रशांतने त्यांना मागून कव घालून धरलं. वरच्या गल्लीतली माणसं दोर घेऊन आली, अर्ध्या चढापर्यंत गेली. त्याच्या पुढे जाता आलं नाही.

गल्लीत चढलेलं पाणी आलं तसं लवकरच ओसरलंही, नाला मात्र भरून वाहत होता. आमच्या घराची मागची भिंत गेली होती, आईंची कॉट समोरच्या खोलीत उलटी पडली होती, आणि चिखल खिडकीच्या वरपर्यंत. पंडित आबा दुसऱ्या दिवशी सापडले, बरेच खाली, एका बाभळीपाशी. रेखा बाजारातून परत आली ती पुराच्याच संध्याकाळी, हातात भाजीची पिशवी घेऊन. नाल्यावरची फरशी, म्हणजे गावात यायचा ठेंगणा पूल, पाण्याखाली असल्यामुळे ती नाल्याच्या पलीकडच्या काठावर अडकली होती. तिथून तिला आपलं घर दिसत होतं. म्हणजे घराची जागा दिसत होती. आणि पाण्याच्या आवाजात इकडून तिला कुणी काही सांगूही शकत नव्हतं.

यानंतरचे दिवस शाळेत काढले. आवाजाचं मी कुणालाच बोलले नव्हते. तिथे वरच्या गल्लीतल्या एक अक्का भाकरी घेऊन यायच्या. एकदा माझ्याजवळ बसल्या आणि आजूबाजूला बघत हळूच म्हणाल्या, "त्या दिनले चक्की वाजनी ना व?" माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्यांनी घरात बसून ऐकली होती. त्यांच्या मुलाने ऐकली नव्हती, सुनेने ऐकली नव्हती. "पोऱ्या म्हने, कान वाजी ऱ्हायनात तुना." गावात विचारत गेलं तेव्हा अशी आणखी काही माणसं निघाली. म्हातारीच होती असं नाही. एकाच घरात एकाला ऐकू आलेली, शेजारी बसलेल्याला नाही.

मी माझ्या पद्धतीने शोधलं. शेतातला डिझेल पंप? भर पावसात कोण पंप लावेल, तरी घरोघर विचारलं – कुणी लावला नव्हता. ट्रॅक्टर? एका सिलिंडरचा आवाज आणि ट्रॅक्टरचा आवाज यांत माझी चूक होणार नाही. नळीच्या तोंडावरून वारा? चक्कीची नळी इंजिनाबरोबरच गेलेली. प्रशांतचं म्हणणं असं, की आई "चक्की, चक्की" म्हणाल्या आणि भेदरलेल्या मनाने मी तेच ऐकलं. हे मला पटतंही. पण मग तो चुकणारा ठोका मी कुठून आणला? जे कधी ऐकलंच नाही त्यातली खोट कशी ऐकू येईल?

ही चक्की यासीनचाचांची. मी त्यांना पाहिलेलं नाही. गावात सगळे त्यांचं नाव आदराने घेतात. वीज आल्यावरही लोडशेडिंगमुळे त्यांनी डिझेल इंजिन ठेवलं होतं. ते गेल्यावर इंजिन भंगारात विकलं गेलं आणि मुलं गाव सोडून गेली. मोठा मुलगा इरफान धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. दिवाळीनंतर आईंना घेऊन दीपनगरला परतताना मी प्रशांतला गाडी त्या दुकानापाशी थांबवायला लावली. त्याला ते आवडलं नाही, पण थांबला.

इरफानभाईंनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला, आईंच्या पाया पडले. आई गाडीतून उतरल्या तरी त्यांनी काही ओळख दाखवली नाही. मी सगळं सांगितलं. ते तांब्याची तार गुंडाळत ऐकत होते. चुकणाऱ्या ठोक्याचं मी टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं – चार, पाच, मग थांबून जोडीने दोन.

त्यांचा हात थांबला.

"भाभी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऐकलं."

"अब्बूंचं इंजिन असंच होतं. मी किती वेळा म्हटलं, खोलून देतो. ते म्हणायचे, राहू दे, यावरून तर लोकांना कळतं आपलीच चक्की आहे." त्यांनी तार बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पण एक गोष्ट जमत नाही, भाभी. पावसात अब्बू चक्की कधीच चालवत नव्हते. पट्टा घसरतो, पीठ ओलं होतं. आभाळ आलं की इंजिन बंद. कोणी कितीही म्हटलं तरी नाही. त्यामुळे तुम्ही जे म्हणताय... ते असतील, असं मला नाही वाटत."

म्हणजे होतं तेवढंही कोडं सुटलं नाही. उलट अजून एक गाठ बसली. जो आवाज असूच शकत नव्हता, तो ज्यांचा म्हणावा ते पावसात कधीच तो होऊ देत नसत. प्रशांत गाडीत बसल्यावर म्हणाला, "झालं समाधान?" टोलनाका मागे पडला. मग स्वतःहूनच म्हणाला, "लहानपणी मी जायचो दळण घेऊन. असंच वाजायचं ते."

इथे खरं तर संपवता आलं असतं. पण आणखी एक सांगायचं आहे, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं आहे.

गावाने आपल्यापुरता निकाल लावून टाकला आहे. यासीनचाचा आता 'बाबा' झाले आहेत; चक्कीच्या बंद दारापुढे नारळ, उदबत्ती असते. शाळेत जाणारी पोरं तिथे हात जोडतात. मी पुन्हा गावी गेले तेव्हा आमच्या घराची नवी भिंत अर्धी उठली होती. रेखा माझ्याकडे आली. तिच्या घराच्या जागी अजून नुसता चौथरा आहे, ती वरच्या गल्लीत दिराकडे राहते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग विटांच्या ढिगावर बसून म्हणाली,

"ताई, एक इचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"तुमले आयकू उना. तठे अक्काले आयकू उना. मना आबासले काबरं नही उना? ते तर दिनभर दारमाच बठेत. त्यासना कान चांगला व्हतात."

त्यांनीही ऐकला असेल आणि गुडघ्यांमुळे उठले नसतील, असं म्हणता आलं असतं. पण मी त्यांना पाहिलं होतं. हसत होते. इंजिन ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. निदान मला तसं वाटलं, आणि वाटण्यावर मी तिला काय सांगणार?

"मला माहीत नाही, रेखा," मी म्हणाले.

तिने नाल्याकडे पाहिलं. नाला आता पुन्हा कोरडा पडत आला होता. "लोके म्हनतस बाबानी गाव वाचाडं," ती म्हणाली. "म्हनोत बिचारा. तुम्ही नका म्हनू."

मी नाही म्हटलेलं. वर लिहिलेलं सगळं पुन्हा वाचून पाहिलं, 'वाचवलं' हा शब्द मी कुठे वापरलेला नाही. आवाज आला, आम्ही चढलो, आबा राहिले. यातलं पहिलं मला समजत नाही, आणि शेवटचं तर त्याहूनही नाही.